कल्पेनीच्या लगूनमध्ये एक दिवस: पन्नाशीनंतर पहिल्यांदा स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी

लक्षद्वीपच्या जहाजाचं तिकीट हातात आलं की माझ्या बॅचमधल्या बायका हमखास विचारतात, "ताई, पोहता येत नसलं तर चालेल ना?" चालेल. स्नॉर्केलिंग म्हणजे चेहऱ्यावर मास्क लावून, तोंडात स्नॉर्केल ही श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत तळ बघणं. त्याला पोहण्यापेक्षा तरंगणं जास्त लागतं, आणि त्याहूनही जास्त लागतं ते तोंडानं सावकाश श्वास घेणं. हे शेवटचं मात्र घरूनच शिकून निघायला हवं. सकाळी बेटावर उतरल्यापासून संध्याकाळी जहाजावर परतेपर्यंतच्या वेळातून बोटींची ये-जा, जेवण आणि गावातला फेरफटका वजा करा. पाण्यासाठी जेमतेम दीड-दोन तास उरतात. ते मास्कशी झटापट करण्यात गेले तर बघायचं तेच राहून जातं.

मी पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना पोहायला शिकवते आणि त्यांच्यातल्या हौशी मंडळींना घेऊन लक्षद्वीपला जाते. 'समुद्रम' ही सहल लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेची. जहाज 'एम. व्ही. कवरत्ती', निघायचं कोचीच्या विलिंग्डन बेटावरून. रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवस कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या बेटांवर घालवायचा. हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. बेटांवर जायला प्रवेश परवाना लागतो, त्याचे कागद बुकिंगबरोबरच मार्गी लावा. तारखा आणि बेटांचा क्रम हवामानाप्रमाणे बदलतो, म्हणून परतीचं विमान जहाज लागण्याच्याच दिवसाचं काढू नका.

तिन्ही बेटांवर पाण्यात उतरता येतं, पण पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मला कल्पेनी आवडतं. कोचीपासून २८७ किलोमीटर. कल्पेनी आणि शेजारची तिलाक्कम, पिट्टी, चेरियम ही निर्मनुष्य बेटं एकाच प्रवाळकड्याच्या आत आहेत, त्यामुळे मधलं लगून, म्हणजे कड्यानं अडवलेलं शांत पाणी, ऐसपैस आणि उथळ. कूमेलच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर तिलाक्कम आणि पिट्टी दिसतात. बेटाच्या पूर्वेला मात्र वेगळंच दृश्य: १८४७ च्या वादळानं फेकलेल्या प्रवाळदगडांचा बांधच्या बांध पडलाय. तो एकदा बघून घ्या, म्हणजे बाहेरच्या समुद्राची ताकद कळते आणि मधल्या प्रवाळकड्याचे उपकारही.

आता तयारी. मास्क स्वतःचा घ्या, बाकी सगळं भाड्यानं मिळालं तरी चालेल. भाड्याचे मास्क वाईट असतात म्हणून नव्हे, तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो म्हणून. दुकानात मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलकेच हवा ओढायची आणि हात सोडायचे. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो तुमचा. खाली घसरला तर कितीही महागाचा असो, परत ठेवा. काच टेम्पर्ड हवी आणि नाकाचा भाग मास्कच्या आत हवा. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं. अख्खा चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोयीचे वाटतात, पण मी माझ्या गटात ते वापरू देत नाही. आतली वापरलेली हवा पुरेशी बाहेर गेली नाही तर धाप लागते आणि घाबरलेल्या माणसाला तो पटकन काढता येत नाही.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो गेल्याशिवाय काचेवर सारखी वाफ धरते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन काच आतून चोळायची, धुवायची, पुन्हा चोळायची. हे घरीच करा. बेटावर पाण्यात शिरण्यापूर्वी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि समुद्राच्याच पाण्यानं हलकं विसळायचं.

मास्क गळतो तो बहुतेक वेळा केसांमुळे. कपाळावरची एक बट कडेखाली अडकली तरी पाणी झिरपत राहतं, म्हणून केस घट्ट मागे बांधा किंवा कानटोपीसारखी स्विमिंग कॅप घाला. डोक्याला तेल लावून येऊ नका. ते कडेवर पसरतं आणि मास्क जागेवर राहत नाही. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर व्हॅसलिनचं बोट फिरवलं तर निम्मी गळती थांबते. मंगळसूत्र, कानातलं, अंगठ्या जहाजावरच्या केबिनमध्ये कुलपात ठेवून या. थंड पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरचा मास्क मिळतो. नंबर थोडा असेल तर नुसत्या मास्कवरही भागतं, कारण पाण्याखाली सगळं सुमारे एक तृतीयांशानं मोठं आणि पाव अंतरानं जवळ दिसतं.

ही जवळ दिसण्याची गोष्ट लक्षात ठेवा. तळ हाताशी आलाय असं वाटून लोक उभं राहायला जातात आणि पाय टेकतच नाहीत. घाबरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. लगूनमध्ये शिरल्यावर थोडं थोडं थांबून आपल्याखाली किती पाणी आहे ते गाईडला विचारत राहा.

श्वासाचा सराव निघण्याआधी दोन आठवडे रोज करायचा. आधी कोरड्यात: मास्क आणि स्नॉर्केल लावून टीव्हीसमोर दहा मिनिटं बसा. नाक बंद असताना तोंडानं श्वास घेणं मेंदूला आधी मान्यच नसतं, त्याला सवय लावावी लागते. मग टबात किंवा घंगाळात पाणी घेऊन तोंड बुडवा. मग तलाव: कमरेइतक्या पाण्यात काठाची दांडी धरून चेहरा पाण्यात, पाय मोकळे.

"ताई, हवाच येत नाही!" तलावावर हे वाक्य मी नेहमी ऐकते.

"आधीची सोडा, मग नवी येईल," हे माझं उत्तर ठरलेलं.

खरोखर तसंच असतं. घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो, सोडत नाही. नळीत वापरलेली हवा साठते, तीच परत आत येते आणि गुदमरल्यासारखं होतं. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवायचं, मनात चार अंक मोजत. नळीत पाणी शिरलं तर 'थू' करून जोरात फुंकायचं, पाणी वरून उडून जातं. मास्कमध्ये शिरलं तर मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरायची, मान किंचित वर करायची आणि नाकानं फुंकर घालायची. पाणी खालून निघून जातं. या दोन गोष्टी तलावात झोपेतसुद्धा जमतील इतक्या घोटून घ्या.

ज्यांना रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा दमा आहे त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारून मगच ठरवायचं, आणि फक्त 'पोहू का' असं न विचारता 'समुद्रात नळीनं श्वास घेत तरंगू का' असं विचारायचं. शरीर पाण्यात आडवं झालं की हातापायांतलं रक्त छातीकडे जास्त येतं आणि हृदयाला जास्त काम पडतं. सर्दी झाली असेल तर मास्कचा दाब नकोसा होतो, त्या दिवशी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघा.

बोट लागण्यावरची गोळी आदल्या रात्री, जहाज हलू लागण्याआधी घ्या. ॲव्होमिनसारख्या गोळीनं झोप येते. ती पाण्यात उतरण्याच्या सकाळी घेऊ नका.

कपड्यांबद्दल थोडं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि पायघोळ लेगिंग्ज घाला. तासभर पालथं तरंगल्यावर पाठ, मांड्यांची मागची बाजू आणि गुडघ्यामागची खळगी भाजून निघते, आणि पाण्याच्या गारव्यात ते समजत नाही. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीन फक्त चेहऱ्याला, मानेला आणि तळहाताच्या मागे लागतं. तेही झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईनं २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. बेटावरचा समाज मुस्लिम आहे आणि राहणी साधी आहे. किनाऱ्यावरून गावात जाताना अंगभर कपडे असावेत, आणि दारू तर सोबत आणायचीच नाही, तिथे बंदी आहे.

मोठं जहाज लगूनमध्ये शिरत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटी तुम्हाला न्यायला येतात. जहाजाच्या दारातून बोटीत पाय टाकणं हा दिवसातला सर्वांत अवघड क्षण, स्नॉर्केलिंग त्यापुढे सोपं. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीला. खलाशी मनगट धरतात, तुम्हीही त्यांचं मनगट धरा, नुसती बोटं नकोत. बोट वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा ते सांगतात, त्याच क्षणी पाऊल टाकायचं. उडी नाही, घाई नाही. पहिल्या बोटीत नंबर लागेल असं पाहा. सकाळी वारा कमी असतो, पाणी नितळ असतं आणि ऊन वरून पडायला लागलं की रंग खुलतात. गाव आणि खरेदी दुपारच्या जेवणानंतर.

कोकणातल्या वाचकांना एक सांगते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असेल, तर तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, लक्षद्वीपला लावू नका. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरपर्यंत चढतं, तिथे चढउतार मीटर-सव्वा मीटरच्या आसपास. पण उथळ लगूनमध्ये तेवढ्यानंही फार फरक पडतो. ओहोटीला प्रवाळाची टोकं पोटाशी येतात आणि गुडघे खरचटतात. बोटवाल्याला विचारायचं: पाणी चढतंय की उतरतंय, आणि बाहेर जायची वाट कुठे आहे? लाटा प्रवाळकड्यावरून आत पाणी लोटत असतात आणि ते कड्यातल्या खिंडीतून बाहेर पडतं. त्या खिंडीच्या आसपास आणि कड्याच्या काठाशी जायचं नाही. कितीही चांगलं पोहता येत असलं तरी नाही.

पाण्यात उतरताना फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंजे, वाळूवर घालून चालत यायचं नाही. कमरेइतक्या पाण्यात जायचं, कुणाच्या तरी खांद्याला धरून ते घालायचे आणि पाठमोरं चालत खोलात जायचं. लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट आवळा. सैल राहिलं तर ते हनुवटीपर्यंत चढतं आणि चेहरा पाण्यात ठेवूच देत नाही. बहुतेक गाईड रबरी रिंग आणतात. दोन्ही हातांनी ती धरायची, चेहरा पाण्यात आणि पाय मागे सोडून द्यायचे. पुढे ओढायचं काम गाईडचं.

आणि मग काहीही करायचं नाही. हे मी तलावावर कितीही सांगितलं तरी समुद्रात गेल्यावर सगळ्यांचे पाय सायकल मारू लागतात. पाय हलले की वाळू उठते, मासे कपारीत जातात आणि आपण सगळं लगून पालथं घालूनही थोडंच बघतो. त्यापेक्षा एकच मोठा प्रवाळाचा गोळा निवडा आणि त्याच्यापासून हातभर दूर पाच मिनिटं निश्चल तरंगा.

आमच्या गटातल्या एक काकू होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, पाण्याची आयुष्यभर भीती. कल्पेनीला त्यांना मी एका पिवळसर गोळ्याजवळ नेलं आणि रिंग धरून थांबले. आधी तिथे कुणीच नव्हतं. मग फटीतून बोटभर निळे मासे एकेक करून बाहेर आले. एक पोपटमासा आला आणि त्यानं दगडावर चोच मारली, कर्रकर्र असा आवाज पाण्यातून स्पष्ट आला. तो खातो ते शेवाळ, पण त्याबरोबर प्रवाळाचा चुराही पोटात जातो आणि बारीक पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या किनाऱ्यावरून आम्ही चालत आलो होतो त्यातली कितीतरी वाळू अशीच तयार झालेली. गोळ्यातच रुतलेला एक मोठा शिंपला होता, त्याच्या ओठांवर निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची झालर. आमची सावली त्याच्यावर पडली आणि झालर आत ओढून तो मिटला. आम्ही बाजूला सरकलो, थोड्या वेळानं तो पुन्हा उघडला. काकूंनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "त्याला आपण आलेलं कळतं!"

कळतं, म्हणूनच हात लावायचा नाही. प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी त्याच्या पृष्ठभागावर जिवंत प्राण्यांचा पातळ थर असतो. गोल, दगडी जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. फिनचा एक फटका आणि कित्येक वर्षांची वाढ गेली. दम लागला, मास्क गळला, काहीही झालं तरी उभं राहायचं ते फक्त वाळूवर. नाहीतर पाठीवर उलटं होऊन तरंगायचं आणि एक हात वर करायचा. तुमच्याही दृष्टीनं हेच बरं: काळे काटेरी समुद्री साळू, दगडातच मिसळून गेलेला विषारी दगडमासा आणि पिसारा फुलवलेला सिंहमासा प्रवाळातच असतात. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख उचलू नका, त्यांच्यातल्या काहींचा डंख जीवघेणा असतो. कासव दिसलं तर त्याच्या वरच्या बाजूला जाऊ नका, त्याला श्वास घ्यायला तिथूनच वर यायचं असतं. एखादा मोठा ट्रिगरमासा अंगावर धावून आला तर तो घरटं राखतोय. तिथून वर न जाता आडवं सरकत लांब जायचं, कारण तळापासून वरपर्यंतचा भाग तो आपलाच समजतो.

पांढरं पडलेलं प्रवाळ दिसेल, त्याचीही तयारी ठेवा. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. रंग जातो, आणि बहुतेक अन्न त्या शेवाळाकडूनच मिळत असल्यामुळे उपासमार सुरू होते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. लख्ख पांढरं असेल तर ते अजून जिवंत असू शकतं. तपकिरी-हिरव्या बुरशीसारख्या थरानं झाकलेलं असेल तर मेलेलं. मी दोन्ही दाखवते, टाळत नाही. हा कडा ढासळला तर लाटा थेट बेटावर येतील आणि बेटावर माणसं राहतात.

या कड्याच्या बुडाशी काय आहे ते महाराष्ट्रातल्या माणसानं तरी जाणून घ्यावं. आपला सह्याद्री ज्या लाव्हानं घडला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावरून वर आला. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला तशी त्या ठिकाणाची खूण मागे उमटत राहिली: लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्यावर उभे आहेत तो समुद्राखालचा डोंगर. ते ठिकाण आज रेयुनियन बेटाखाली आहे. सिंहगडावर चढून गेलेल्या पायांना कल्पेनीशी असं नातं आहे.

पाण्यात तासाभरापेक्षा जास्त राहू नका. कोमट वाटलं तरी ते अंगातली उष्णता काढत असतं. दात वाजण्याची वाट न बघता ओठ गार लागले की बाहेर या. टॉवेल, शहाळं, सावली. जेवणात कुप्याची (ट्यूना माशाची) आमटी आणि भात असतो, शाकाहारी जेवणही मिळतं. जेवल्यावर पुन्हा पाण्यात जाऊ नका.

किनाऱ्यावर प्रवाळाचे पांढरे तुकडे पडलेले दिसतील. घरी नेऊ नका, मेलेला तुकडाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळ २००१ साली पहिल्या अनुसूचीत आलं, समुद्री काकडी नावाचा प्राणीही त्याच वर्षी. म्हणजे कायद्यानं त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आपला कचरा, विशेषतः प्लास्टिक, पिशवीत भरून जहाजावर परत न्यायचा.

मास्क आणि फिन्स बेटावरच्या नळाखाली धुऊ नका. बेटावर नदी नाही, वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं असतं आणि तिथली माणसं त्यावर अवलंबून असतात. सामान ओलंच पिशवीत घाला, जहाजावर अंघोळीच्या वेळी विसळा आणि सावलीत वाळवून मास्क त्याच्या डबीत ठेवा. उन्हात किंवा इतर सामानाखाली दबून सिलिकॉनची कड वाकडी होते आणि पुढच्या वेळी गळते.

फिन्स मारून पोटऱ्या त्या रात्री भरून येतात. जेवणानंतर डेकवर कठडा धरून टाचा उचलायच्या, खाली न्यायच्या, असं थोडा वेळ करा आणि पाणी भरपूर प्या. पुढचा थांबा मिनिकॉय असेल तर तिथलं १८८५ सालचं दीपगृह पायऱ्या चढून बघायचं आहे, आणि वरून मिनिकॉयचं लगून अख्खं दिसतं.